दुखणं अंगावर कोण काढतं?

इंदूरहून उज्जैनला निघालं की आधी कारखान्यांची वसाहत लागते, मग एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारती, आणि पुढे गहू, सोयाबीन, बटाट्याच्या शेतांमधून रस्ता सांवेरला पोचतो. याच दिशेने कान्ह नदीही जाते. इंदूरचं सांडपाणी पोटात घेऊन ती सांवेर तहसिलातून वाहते आणि उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून वर्षानुवर्षं पहिलं आलेल्या शहराचा आम्हा इंदूरकरांना अभिमान आहे. पण नदीकाठच्या खालच्या गावातली विहीर त्या अभिमानात धरलेली नसते. आजार कुठे तयार होतो, हे शिकायला वैद्यकीय विद्यार्थ्याला लांब जायला नको. या नदीच्या काठाने चाललं तरी पुरे.

मराठीत एक वाक्प्रचार आहे : दुखणं अंगावर काढणं. दवाखान्यात तो रागावण्याच्या सुरात ऐकू येतो. ‘इतके दिवस अंगावर का काढलंत?’ हा प्रश्न असूनही उत्तरासाठी कोणी थांबत नाही. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेलं असतं : अडाणीपणा. मला वाटतं, आरोग्यातली विषमता विद्यार्थ्यांना शिकवायची म्हणजे या एका प्रश्नानंतर थांबायला शिकवायचं.

समजा, सांवेरजवळच्या एका गावातली शेतमजूर बाई दोन महिन्यांच्या खोकल्यानंतर दवाखान्यात आली. विद्यार्थी थांबला, तर त्याला काय ऐकू येईल? सोयाबीनची काढणी चालू होती, एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. गावातल्या बिनपदवीच्या डॉक्टरने सुई दिली, उधारीवर दिली, आणि तो रात्रीही भेटतो. टीबी निघाला तर मुलीच्या लग्नाचं काय, ही धास्ती होती. आणि मागच्या खेपेला दवाखान्यात कुणीतरी सगळ्यांसमोर झिडकारलं होतं. या चार कारणांतलं अज्ञान कोणतं? पहिलं मजुरीचं आहे, दुसरं सोयीचं, तिसरं समाजाच्या नजरेचं, आणि चौथं तर थेट आपल्या व्यवस्थेचं. पण परीक्षेत ‘सामाजिक-सांस्कृतिक घटक’ लिहा म्हटलं की उत्तरपत्रिकेत दारिद्र्य, निरक्षरता, अंधश्रद्धा, रूढी अशी यादी उतरते. चारही दोष रुग्णाच्या बाजूचे. त्यात दवाखाना कुठेच नसतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हा प्रश्न उलटा करून दाखवला. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतल्या तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. बाया लाजतात म्हणून हे दडून राहिलं, असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्यापर्यंत जाऊन, त्यांच्या शब्दांत कोणी विचारलंच नव्हतं. अंगावरून जाण्याचा त्रास असलेली बाई ते दुखणं अंगावर काढत होती, कारण ते सांगायला जागाच नव्हती. पुढे दवाखाना उभारताना बंग दांपत्याने आदिवासींनाच विचारलं की तुम्ही इस्पितळात का येत नाही. उत्तरांत एक असं होतं : तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्यात तर आम्ही मढं गुंडाळतो. मग शोधग्राम या त्यांच्या परिसरातला दवाखाना आदिवासी पाड्याच्या धाटणीचा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला नाव मिळालं आदिवासींच्या दंतेश्वरी मातेचं. संस्कृती समजून घेणं ते हेच. रुग्णाच्या चालीरीतींची नोंद करून थांबायचं नाही, आपल्या चालीरीती तपासायच्या.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने 1946 मध्येच ‘सामाजिक वैद्य’ घडवण्याची शिफारस केली होती. सुशीला नय्यर यांनी 1969 मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थी काही दिवस गावात राहून शिकतात. 2019 पासून देशभरच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे धडे आले, आणि 2022 पासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं ‘दत्तक’ घ्यायची असं ठरलं. योजना मला मनापासून पटते, शब्द खटकतो. अठरा वर्षांच्या मुलाने घर चालवणाऱ्या माणसांना दत्तक घ्यायचं? दारात उभं राहून रक्तदाब मोजायचा, हात धुण्यावर चार वाक्यं बोलायची, फोटो काढायचा आणि गाडीत बसायचं, एवढंच झालं तर विद्यार्थी एकच गोष्ट शिकेल : गाव म्हणजे भरायचा एक फॉर्म.

त्याऐवजी त्याने त्याच दारात पुन्हा पुन्हा जावं. घरातल्या एका आजारपणाची गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहावी : पहिलं लक्षण कधी, पहिला सल्ला कुणाचा, पैसे कुठून आले, कोणत्या टप्प्यावर किती दिवस गेले. सांवेर विधानसभा क्षेत्र अनुसूचित जातींसाठी राखीव आहे; तेव्हा जातीचा प्रश्न इथे टाळता येत नाही. नर्सताई आधी कोणत्या मोहल्ल्यात जाते आणि नळ कुठे संपतो, हेही त्याने पायी फिरून पाहावं. मग वर्गात प्रत्येक उशिराचं कारण मांडून विचारावं की यातलं कोणतं आपल्या महाविद्यालयाला बदलता येईल. ओपीडीची वेळ? चिठ्ठीची रांग? बोलण्याची भाषा? मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली. पण सांवेरच्या ओट्यावर म्हातारी बोलते ती माळवी. पोटातल्या कळीला, भीतीला, लाजेला तिच्याकडे कोणते शब्द आहेत, हे कोणत्याच पुस्तकात नाही. ते तिच्याकडूनच शिकायला हवं.

गर्दीने पिचलेला तरुण डॉक्टर म्हणेल, गरिबी मी कशी बरी करू? त्याचं म्हणणं खरं आहे. पण सहा महिन्यांचं औषध लिहून देताना ‘काढणीनंतर तुम्ही कुठे असाल?’ एवढं विचारलं, तर ते औषध पूर्ण होण्याची शक्यता वाढते. आणि भोवतालामुळे किती फरक पडतो, ते आकड्यांतही दिसतं. 2018-20 च्या सरकारी आकड्यांत एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात 173 माता दगावल्या, महाराष्ट्रात 33. सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे बाईचं शरीर बदलत नाही. बदलतं ते तिच्याभोवतीचं सगळं. आणि 33 च्या सरासरीखाली मेळघाटसारखा आदिवासी भागही झाकला जातो, हे महाराष्ट्रातल्या वाचकांनी विसरू नये.

बाईच्या भोवतीचं हे सगळं अभ्यासात आणण्याचं उदाहरण आपल्याकडे जुनं आहे. आनंदीबाई जोशी यांचं दहा दिवसांचं बाळ गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. परदेशी शिकतानाही आपल्या घरातली बाळंतिणीची खोली त्यांनी अभ्यासाबाहेर ठेवली नाही.

सांवेरहून परतणाऱ्या गाडीतल्या मुलामुलींकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. उद्या ओपीडीत कुणी बाई उशिरा येईल, तेव्हा ‘अंगावर का काढलंत?’ हे जरूर विचारा. पण बसायला स्टूल पुढे करून विचारा, आणि ती बोलेपर्यंत पुढच्या रुग्णाला हाक मारू नका.