देव, दीव आणि निर्वासिताचे चित्र

फार्सीत राक्षसाला 'दीव' म्हणतात. हा शब्द आणि संस्कृतातील 'देव' एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. एका समाजाने ज्यांची पूजा केली, त्यांनाच दुसऱ्या समाजाने दानव ठरविले. दानवपण स्वरूपात असते की पाहणाऱ्याच्या दृष्टीत, हा प्रश्न म्हणूनच फार जुना आहे. खादिम अली या हजारा चित्रकाराने तो आपल्या काळासमोर नव्याने मांडला आहे.

हजारा हे मध्य अफगाणिस्तानातील, बहुसंख्येने शियापंथीय लोक. अमीर अब्दुर रहमानच्या १८९१ ते १८९३ या काळातील मोहिमांत त्यांची कत्तल झाली, कित्येक गुलाम म्हणून विकले गेले. जे निसटले त्यांतील पुष्कळांनी क्वेट्टा आणि मशहद येथे आश्रय घेतला. बामियानच्या ज्या बुद्धमूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये उद्ध्वस्त केल्या, त्या याच लोकांच्या खोऱ्यात उभ्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'टाम्पा' जहाजाने समुद्रातून वाचविलेल्या ४३३ जणांना ऑस्ट्रेलियाने किनाऱ्यावर उतरू दिले नाही. त्यांत बहुसंख्य हजारा होते. काहींना न्यूझीलंडने स्वीकारले, इतरांना नाउरू बेटावर ठेवण्यात आले.

खादिम अली यांचा जन्म १९७८ मध्ये क्वेट्टा येथे, विस्थापित कुटुंबात झाला. आजोबा 'शाहनामा' गाऊन ऐकवीत. लाहोरला लघुचित्रशैली शिकलेला हा चित्रकार पुढे सिडनीत स्थायिक झाला. बालपणीचा नायक रुस्तम त्यांच्या चित्रांत मात्र शिंगे घेऊन अवतरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याला दानव म्हणून मारले गेले, त्याने दानवाचेच चित्र काढावे, म्हणजे शत्रूने दिलेले नाव मान्य करणे नव्हे काय? वस्तुतः पीडिताला दुसरा मार्ग सोपा होता: मारणाऱ्याला दानव आणि स्वतःला वीर ठरविणे. परंतु देव-दीवांची अदलाबदल अशीच तर चालत आली आहे! खादिम अली वीर आणि दानव एकाच देहात आणतात. त्यामुळे निवाड्याची घाई झालेल्या प्रेक्षकाला थांबावेच लागते. लघुचित्र जवळ जाऊनच पाहावे लागते. द्वेषाला अंतर लागते, आणि तेच अंतर ही शैली नाहीसे करते.

तथापि कलेच्या या सामर्थ्याला मर्यादाही आहे. ज्या देशाने २००१ मध्ये हजारांचे जहाज अडविले, त्याच देशातील संग्रहालयांनी या चित्रकाराच्या कृती आदराने जतन केल्या आहेत. चित्राला भिंत देणे सोपे असते. माणसाला किनारा देणे कठीण. ही विसंगती चित्राचा दोष नव्हे. चित्रापुढे उभे राहून हळहळणारा नागरिक बाहेर पडल्यावर कोणत्या कायद्याला संमती देतो, हा प्रश्न चित्र त्याच्याकडेच सोपविते. त्याचे उत्तर कोणताही कलावंत त्याच्यावतीने देऊ शकत नाही.