रान आणि ‘विल्डरनेस’

‘विल्डरनेस’ हा इंग्रजी शब्द आज एकसंध भासतो. मुळात तो जोडशब्द आहे. जुन्या इंग्रजीतील ‘विल्ड’ म्हणजे रानटी आणि ‘देओर’ म्हणजे पशू. त्या समासाला भाववाचक ‘नेस’ लागून श्वापदांचा प्रदेश असा अर्थ सिद्ध झाला. (‘देओर’चे पुढे ‘डिअर’ झाले आणि अर्थ हरणापुरता आक्रसला. आपल्या ‘मृग’ शब्दाचेही नेमके तेच झाले. ‘मृगेंद्र’ आणि ‘मृगया’ यांत मात्र जुना अर्थ टिकून आहे.)

या समासात माणसाला जागा नाही. अमेरिकेच्या १९६४ च्या विल्डरनेस कायद्यानेही अशा भूमीत मनुष्य हा केवळ पाहुणा ठरविला. आपले ‘रान’ तसे नाही. देशावरचा शेतकरी शेतावर निघाला तरी ‘रानात जातो’ म्हणतो. नांगर आणि वाघ दोन्ही त्या शब्दात मावतात.

जोयडा तालुक्यात हा भेद कोशापुरता उरत नाही. दांडेली अभयारण्य १९५६ साली झाले, अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली. आज तेथे काळी व्याघ्र प्रकल्प आहे. कुणब्यांची गावे त्याआधीची. त्यांची कुमरी शेती इंग्रजी अमदानीतच आवळली गेली होती. वाघाला निवांत रान हवे, हे मला मान्य आहे. परंतु पाहुणा कोण, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवरील ऐतिहासिक अन्याय उद्देशिकेतच कबूल केला. तथापि जे अनुसूचित जमातीत नाहीत, त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास सिद्ध करावयाचा आहे. आणि पुरावा मागावयाचा तो ज्यांच्या आजोबांनी उभ्या जन्मात कागदाला हात लावला नाही, त्यांच्याकडून.