नगराचा जनक कोण?

नदीकाठी गिरणी उभी राहिली व तिच्याभोवती नगर वाढले, की त्याचा संस्थापक कोण, असा प्रश्न निघतो आणि बहुधा भांडवल घालणाराचे नाव पुढे येते. आमच्याकडेही गाव कोणी वसविला म्हणून विचारावे तर पाटलाचे नाव सांगतात. पांढरीत पहिली कुदळ कोणाची पडली, हे कोणी सांगत नाही. हा न्याय कितपत ग्राह्य मानावा?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात मेरिमॅक नदीच्या धबधब्यापाशी वसलेले लोवेल घ्या. ज्या फ्रान्सिस कॅबट लोवेलचे नाव नगरास मिळाले तो १८१७ मध्येच निवर्तला. येथील पहिल्या मोठ्या गिरणी-कंपनीची स्थापना १८२२ ची. कापसापासून कापडापर्यंतची सर्व कामे एका छपराखाली आणण्याची योजना त्याचीच, हे खरे. परंतु योजना म्हणजे नगर नव्हे. त्या धबधब्यावर पेनाकूक लोक पिढ्यानपिढ्या मासे धरीत आले होते. त्यांना 'आद्य वसाहतवाले' कोणी म्हणत नाही, कारण ते तेथे वसावयास आले नव्हते, होतेच!

१८२२ मध्ये कालव्याच्या कामास आयरिश मजूर लागले. गिरणीत येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलींसाठी कंपन्यांनी वसतिगृहे बांधली. कालवा खणणारांनी मात्र आपल्या झोपड्या आपणच उभारल्या. त्या मुलींच्या पालनाची कीर्ती पुष्कळ झाली. देखरेखीस प्रौढ बाई, रात्री दाराला कुलूप, रविवारी देवळात जाण्याचा दंडक. हे सर्व मुलींच्या हितासाठी, असे मालक म्हणत, आणि त्यांची बुद्धी कपटी होती असे मला वाटत नाही. परंतु १८३४ मध्ये मजुरी उतरली व १८३६ मध्ये खाणावळीचा आकार वाढला, तेव्हा त्याच मुली कामे टाकून रस्त्यावर आल्या. पालक म्हणविणाराने पाल्याच्या मिळकतीतून आपला नफा राखावा, हे कोणत्या धर्मशास्त्रात बसते? १८३६ मध्येच लोवेल शहराच्या दर्जास चढले.

जनकत्व ज्याला हवे त्याने सगळा जमाखर्च पत्करावा, एवढीच माझी मागणी आहे. त्या खर्चाच्या बाजूला कापूसही येतो. तो दक्षिणेतील मळ्यांत गुलामांच्या हातून पिकून येई, आणि त्याचेच काही जाडेभरडे कापड त्यांच्या अंगावर घालण्यास परत जाई. तेथे अशा कापडाला 'लोवेल' असेच म्हणत.