मुरूम वाहून गेल्यावर

वाळवंटात गोल गोल खडक दिसले की बहुतेक जण त्याचं श्रेय वाऱ्याला देतात. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात, लॉस एंजेलिसकडच्या मराठी मंडळींबरोबर विलो होलच्या वाटेला लागलो, तेव्हाही पहिल्या अर्ध्या तासातच कुणीतरी म्हणालं, "काय वारा सुटत असेल इथे!" वारा सुटतोच. पण वाऱ्याबरोबर उडणारी वाळू जमिनीलगतच राहते, तिचा मारा माणसाच्या कमरेच्या वर क्वचितच पोचतो. इथले खडक तर तीन-तीन, चार-चार मजल्यांएवढे, आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंत सारखेच गोलावलेले. हे काम पाण्याचं आहे. तेही उघड्यावर नाही, जमिनीखाली झालेलं. एवढी एक गोष्ट मनात पक्की धरून चाललं, तर जाऊन-येऊन सुमारे 11 किलोमीटरच्या त्या वाटेवर खडक नुसते बघायचे राहत नाहीत, वाचता येतात.

सुरुवात अगदी पृथ्वीच्या पोटातून करावी लागते. डायनोसॉरांच्या काळात खालून शिलारस वर चढत आला, पण पृष्ठभागापर्यंत पोचलाच नाही. खोलवरच अडकला आणि फार सावकाश निवला. सावकाश निवल्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. म्हणून आज त्या खडकावर तळहात टेकला की दाणे टोचतात: फिकट फेल्डस्पारचे, काचेसारख्या करड्या क्वार्ट्झचे, मधूनमधून काळ्या अभ्रकाचे ठिपके. या खडकाला मोंझोग्रॅनाइट म्हणतात, ग्रॅनाइटचाच एक प्रकार. पुढे त्याच्या डोक्यावरचा किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचा थर झिजत गेला, ओझं उतरलं, आणि या खडकाला भेगा पडल्या. काही आडव्या, काही उभ्या, आणि उभ्या भेगांच्याही दोन दिशा. तीन बाजूंनी चिरला गेलेला खडक म्हणजे ठोकळ्यांची रास. इथपर्यंत त्यात एकही गोल दगड नाही.

मग पाण्याचं काम सुरू झालं. आज इथे वर्षाकाठी जेमतेम पाऊस पडतो, पण हा प्रदेश कायमच असा नव्हता. हवा दमट होती, वर मातीचं आणि झाडोऱ्याचं पांघरूण होतं, आणि मातीतून उतरताना किंचित आम्ल झालेलं पाणी त्या भेगांमधून झिरपत राहिलं. त्याने फेल्डस्पारची चिकणमाती केली, अभ्रक फुगवला, आणि क्वार्ट्झचे दाणे सुटे पाडले. ठोकळ्याच्या सपाट पृष्ठावर पाणी एका बाजूने येतं, कडेवर दोन बाजूंनी, आणि कोपऱ्यावर तिन्ही बाजूंनी. म्हणून कोपरे आधी गेले, मग कडा. खडीसाखरेचा खडा तोंडात ठेवला की त्याचे कोन असेच सगळ्यात आधी जातात. शेवटी उरले ते गोलसर, टणक गाभे, आणि त्यांच्या भोवती कुजून भुसभुशीत झालेला खडक.

त्या भुसभुशीत खडकाला मराठीत नाव आहे, आणि ते आमच्यातल्या एका काकांना सुचलं. नाशिकला आयुष्यभर रस्ते आणि धरणाच्या भिंती बांधून ते निवृत्त झालेले, लेकीकडे राहायला आलेले. एका खडकाच्या पायाशी वाकून त्यांनी ओंजळभर दाणे उचलले, बोटांनी चोळले आणि म्हणाले, "अरे, हा तर मुरूम!" मुरूमच तो. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड ज्याने निरखून पाहिली आहे, त्याने हाच प्रकार अर्ध्यावर थांबलेला पाहिलेला असतो: पिवळट मुरमात रुतलेले काळे गोटे, प्रत्येकाभोवती एकावर एक सुटत चाललेली सालं. तिथला खडक वेगळा, बसाल्ट, लाव्हातून झालेला. क्रिया तीच. आपल्याकडे पाऊस आहे, मुळं आहेत, म्हणून मुरूम जागच्या जागी धरला जातो आणि गोटे झाकलेलेच राहतात. कापल्याशिवाय ते दिसत नाहीत.

जोशुआ ट्रीमध्ये कापण्याचं काम कोरड्या हवेने करून दिलं. हवामान रुक्ष होत गेलं, शेवटचं हिमयुग ओसरल्यावर तर फारच. झाडोरा विरळ झाला, मातीला धरून ठेवणारं कुणी उरलं नाही, आणि क्वचित पण कोसळून येणाऱ्या पावसाच्या लोंढ्यांनी तो मुरूम धुऊन नेला. आतले गाभे होते तिथेच उघडे पडले. एकावर एक तोललेले जे प्रचंड गोटे पाहून आपण थक्क होतो, ते कुणी रचलेले नाहीत आणि कुठून गडगडत आलेलेही नाहीत. मधला मुरूम निघून गेला, वरचा खालच्यावर टेकला, एवढंच. लांब उभं राहून पाहिलं तर त्या राशींमधून जुन्या भेगांच्या सरळ रेषा आजही जुळवता येतात. मला तरी तोललेल्या दगडापेक्षा ती रेषा सापडण्यात जास्त आनंद वाटतो.

गेलेला मुरूमही फार लांब गेलेला नाही. वाट ज्या कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून जाते, तिथली पाय रुतवणारी जाड, टोकदार वाळू म्हणजे तोच. त्या वाळूतून चालणं दमवतं, गट लांबत जातो, आणि पुढे पुढे सगळ्या राशी सारख्याच दिसू लागतात. या भागाला वंडरलँड ऑफ रॉक्स म्हणतात, आणि चुकणाऱ्यांसाठी तो खरोखर चकवा आहे. ओढ्याला जिथे फाटा फुटतो, तिथे थांबून मागचा शेवटचा माणूस येईपर्यंत पुढे जायचं नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. वाटेवर प्यायला पाणी कुठेही मिळत नाही. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी पाठीवर हवं. शब्दांत ही लहान गोष्ट वाटते, खांद्यांना वाटत नाही.

आणि तरी वाट संपते ती पाण्याच्या नावानेच. विलो होल म्हणजे खडकांच्या मधे पावसाचं पाणी साचतं तो खोलगट भाग, काठाला विलोची झाडं. कधी डबकं असतं, कधी नुसती ओल. उघडा खडक पाऊस पीत नाही, सगळा पायथ्याशी सोडून देतो, म्हणून राशींच्या बुडाशी पिन्यन पाइन आणि खुरटे ओक तग धरतात, आणि रानमेंढे या डबक्यांवर येतात. याच उद्यानात कवटीसारखा दिसणारा एक प्रसिद्ध खडक आहे. त्याच्या डोळ्यांच्या खोबणीही अशाच साठलेल्या पावसाने झाल्या: छोट्या खळगीत पाणी थांबलं, खळगी वाढली, मग जास्त पाणी थांबलं.

परतताना काकांनी विचारलं, हे गोटे एवढेच का? वाटेच्या दोन्ही अंगांना वाळूतून वीतभर वर आलेल्या दगडी पाठी दिसत होत्या. त्यांचा उरलेला भाग अजून मुरमात आहे. आजच्या हवेत तिथवर झिरपणारं पाणी इतकं थोडं की त्यांचं गोल होणं जवळजवळ थांबलं आहे. उघडं पडणं मात्र चालू आहे, दर मोठ्या पावसाला थोडं थोडं.