बुडालेली गाडी आणि कोरी स्मृती

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा पुष्कळ मोटारी बुडाल्या. त्यांतल्या एकीविषयी एका मेकॅनिकने कीर्तन आटोपल्यावर मला गाठले.

इंजिनाचा कारभार हल्ली एक लहानसा संगणक पाहतो. तो भिजून गेला म्हणजे दुसरा बसवतात. पण नुसता बसवून भागत नाही. त्यात गाडीचा चासी नंबर भरावा लागतो, किल्लीचा संकेत जुळवावा लागतो, नाहीतर इंजिन चालूच होत नाही. याने ते चोख केले. नव्या संगणकात जुन्या बिघाडाची नोंद नाही, आणि मालक पुराचे नाव न काढता गाडी विकायला निघाला. “बुवा, यात माझे काय चुकले?”

दुरुस्तीत पाप कसले? ती विद्याच आहे. पण वायरींच्या जोडांत पाणी गेलेले असते, तांबे आतून हिरवे पडते, आणि चार महिन्यांनी गाडी भर घाटात बंद पडू शकते. तेव्हा आत कोणाची लेकरे असतील? करणारा, करविणारा आणि मान डोलावणारा, तिघांनाही वाटा असतो, असे पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत. संगणक विसरला, हा कुठे विसरलाय?

मी म्हटले, “बिलावर ‘पुराच्या पाण्याने निकामी, म्हणून बदलला’ एवढे लिही. गिऱ्हाईक विचारायला आले तर तेच सांग.”

“मग तो मालक पुन्हा माझ्या दारी यायचा नाही, बुवा.”

नाहीच यायचा. तेही मी त्याला सांगितले.