कठड्याशी जागा

पावसाळ्यात देवरुखहून मारळला जाणारी एसटी ओल्या छत्र्यांनी भरलेली असते. तिथून पाचशेच्या आसपास पायऱ्या चढल्या की मार्लेश्वराची गुहा. दार ठेंगणं. वाकून आत जायचं, समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं आणि बाहेर यायचं. आत जागा थोडी आणि मागे रांग मोठी, म्हणून "चला, पुढे चला" असं कुणीतरी म्हणतंच. बाहेर धारेश्वराचा धबधबा बघायला मात्र कुणी वेळ ठरवून दिलेली नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी कोसळत असतं, तुषार तोंडावर येत असतात. कठड्याशी ज्याला मोक्याची जागा मिळाली, त्याने हवं तेवढा वेळ तिथे उभं राहावं. हटवणारं कुणी नाही.

आणि तरीही माणसं आपणहून सरकतात. मला धबधब्याइतकंच हेही बघावंसं वाटतं. एखादी आजी गुडघ्यावर हात टेकत, दर दहा पायऱ्यांवर थांबत वर येते. पुढे उभा असलेला पोरगा मागे वळून बघतो. "आजी, या इकडं. हात धरा, निसरडं आहे." ती कठडा धरते, पदर डोक्यावर सारखा करते आणि पाण्यालाच हात जोडते. पोरगा चार पावलं बाजूला जाऊन उभा राहतो. (कठड्याच्या आतच, शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवायचं धाडस कुणी करू नये.) तिथून त्याला कडा पुरता दिसत नाही. पण खाली पडलेलं पाणी धोंड्यांमधून वाट काढत बावनदी होऊन कसं निघतं, ते दिसतं. पहिल्या जागेवरून तिकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. अर्थात, ते दिसलं नसतं तरी त्याचं काही बिघडलं नसतं. आजीला धबधबा दिसला, एवढं पुरे होतं.

कोकण रेल्वेने संगमेश्वरहून रत्नागिरीकडे येताना उक्षी स्टेशनाजवळ रानपाटचा धबधबा लागतो. तिथे तर सरकायलाही वेळ नसतो. पावसाळी वेळापत्रकात गाड्या जरा हळू धावतात, तरी तो डोळ्यांसमोर येतो आणि जातो. नेहमी ये-जा करणाऱ्यांना तो कधी येणार हे पक्कं ठाऊक असतं. खिडकीतली एखादी बाई आधीच पाठ मागे टेकवते, समोरच्या बाकावरचं अनोळखी मूल जवळ ओढून घेते आणि म्हणते, "आता बघ हं, आता येईल." तिने तो कितीदा तरी पाहिलेला असतो. मुलाने पहिल्यांदाच पाहिला, या आनंदात ती पुढचा सगळा प्रवास खुशीत असते.

घरात आणि कचेरीतही अशा मोक्याच्या जागा असतात. पंख्याखालची खुर्ची, मोबाइल चार्जिंगला लावायचा एकुलता एक पॉइंट, सकाळच्या पेपरचं पहिलं पान. बैठकीत बोलायची पाळीसुद्धा त्यातलीच. आपलं बोलून झालं की शेजारच्या नवीन मुलीकडे बघून "तुला काय वाटतं?" एवढं विचारलं, तरी तिच्यासाठी जागा होते. मोठा त्याग यात काहीच नाही. आपलं बघून झालं, आपलं बोलून झालं, हे आपल्याला वेळेवर कळायला हवं, इतकंच. ते कळायला मागे एकदा वळून बघावं लागतं. आज डबा पिशवीत टाकण्याआधी आरशापुढे उभे राहाल, तेव्हा बघा. मागे कुणीतरी कंगवा हातात धरून थांबलेलं असेल, आणि त्यालाही आठ-वीसचीच बस गाठायची असेल.