न सांगणें हें खोटें बोलणें होय काय?

ज्याच्या हातांत मोबाइल आहे, त्याच्या हातांत आज एक दुकान आहे. कोंकणांतील बागाईतदार आपल्या आंब्यांची जाहिरात स्वतः लिहितो, ती व्हॉट्सअॅपवर किंवा एखाद्या ऑनलाइन बाजारांत घालतो, आणि पुण्यांतील किंवा नागपुरांतील ग्राहक पेटी न पाहतांच पैसे पाठवितो. मालाचे गुण सांगण्याचें जें काम पूर्वीं दलाल करी, तें आतां मालकाच्याच शिरावर आलें आहे. म्हणून जाहिरात कशी लिहावी हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा राहिला नसून गांवोगांवच्या साध्या कुटुंबांचाहि झाला आहे. ह्या प्रश्नाच्या पोटांत नीतीचा एक जुना प्रश्न आहे. खोटें बोलूं नये हें तर सर्वच कबूल करितात. परंतु जें खरें आहे तें विकणाऱ्यानें आपण होऊन सांगितलेंच पाहिजे काय?

हापूस आंब्याचेंच उदाहरण घेऊं. त्या फळांत साका नांवाचा दोष असतो. वरून फळ पिवळेंधमक, वास गोड, साल निर्मळ. परंतु सुरी घातली म्हणजे आंत पांढुरका, भुसभुशीत, आंबूस गर निघतो. बाहेरून पाहून हा दोष ओळखतां येत नाहीं. समजा, एका बागाईतदारानें पहिल्या तोडणींतील दहा फळें घरीं कापलीं आणि तिहींत साका निघाला. आतां तो जाहिरात लिहावयास बसला आहे. "अस्सल हापूस, स्वतःच्या बागेंतील, गवताच्या अढींत पिकविलेला" असें त्यानें लिहिलें, तर ह्यांतील एकहि शब्द खोटा नाहीं. मग त्यानें अपराध केला काय?

हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. सिसरो ह्या रोमन ग्रंथकारानें इ. स. पू. ४४ मध्यें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागांत त्यानें दोन उदाहरणें घेतलीं आहेत. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असतां एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आला. आपल्या मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक होतें. तें त्यानें लोकांस सांगावें काय? दुसरा मनुष्य घर विकीत होता. त्या घराचें लांकूड कुजकें आहे व त्यांत विषारी जनावरें निघतात, हें त्याच्यावांचून कोणास ठाऊक नव्हतें. त्यानें काय करावें? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणे कीं, न सांगणें निराळें व फसविणें निराळें. कायदा जेवढे दोष सांगावयास लावितो तेवढे सांगावे, म्हणजे झालें. शिवाय, "राहण्यास अपायकारक असें घर विकणें आहे" अशी दवंडी पिटविणें ह्यापरतें हास्यास्पद तें काय, असा त्याच्या पक्षाचा टोला होता. त्याचाच शिष्य अँटिपेटर उलट म्हणे कीं, मनुष्य मनुष्याच्या हितासाठीं बांधलेला आहे. विकणाऱ्यास जें ठाऊक, तें घेणाऱ्यासहि ठाऊक असलेंच पाहिजे.

सिसरोनें निकाल अँटिपेटरच्या बाजूनें दिला, आणि त्याचें कारण मनन करण्याजोगें आहे. प्रत्येक मौन म्हणजे लपविणें नव्हे. परंतु जें कळण्यांत दुसऱ्याचें हित आहे, तें त्यास कळूं नये अशी इच्छा आपण स्वतःच्या लाभासाठीं धरली, म्हणजे तें लपविणें होतें. येथें दोष जिभेवर नाहीं, इच्छेंत आहे. आपल्या बागाईतदारानें वाक्य खरें लिहिलें. परंतु समोरच्याचें अज्ञान टिकून राहावें, त्या अज्ञानाची किंमत आपल्या पदरीं पडावी, असें त्यानें मनांत धरिलें. खऱ्या शब्दांनीं उभारलेलें असत्य तें हेंच.

मग सगळेंच सांगावें काय? नाहीं. आपणांस फळ काय दरानें पडलें, नफा किती राहतो, हें सांगण्यास कोणी बांधलेला नाहीं. तेराव्या शतकांतील थॉमस अॅक्वायनस ह्यानें येथें एक बारीक भेद केला आहे. वस्तूंतील गुप्त दोष सांगणें हें न्यायानें बंधनकारक होय. परंतु पुढें भाव उतरणार आहे हें न सांगणारा धान्यव्यापारी न्याय मोडीत नाहीं, मात्र सांगेल तर तो अधिक चांगला मनुष्य ठरेल. साध्या माणसानें एवढीच कसोटी ध्यानांत ठेवावी: ही गोष्ट ठाऊक असती, तर ग्राहकानें ही वस्तु ह्या भावानें घेतली असती काय? "नसती" असें उत्तर येत असेल, तर ती गोष्ट जाहिरातींत आली पाहिजे.

आपल्या देशाचा कायदाहि आतां डायोजिनीसास सोडून अँटिपेटरकडे झुकला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तींत महत्त्वाची माहिती मुद्दाम लपविणें हेंहि धरिलें आहे. अशा जाहिरातीबद्दल उत्पादकास प्रथम दहा लाखांपर्यंत व पुन्हां घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. "फक्त दोनच पेट्या उरल्या, त्वरा करा" अशी खोटी घाई लावणें हें २०२३ च्या नियमांनीं गैर ठरविलें आहे. तसेंच २०१८ मध्यें हापूस ह्या नांवास भौगोलिक मानांकन मिळालें, तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर ह्या जिल्ह्यांच्या फळास. परमुलुखचें फळ कोंकणच्या नांवानें विकणें हा सरळ सरळ नांवाचाच अपहार होय.

परंतु कोणी म्हणेल, "बोलणाऱ्याची माती विकते, आम्ही दोष सांगत बसलों तर आमचें सोनेंहि पडून राहील." ह्या शंकेस प्रामाणिक उत्तर दिलें पाहिजे. जॉर्ज अॅकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० मध्यें जुन्या मोटारींच्या बाजाराविषयीं एक निबंध लिहिला. २००१ मध्यें त्यास इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचा मुद्दा असा: चांगली गाडी कोणती व वाईट कोणती हें घेणाऱ्यास ओळखतां येत नसेल, तर तो सर्वांस मधलाच भाव देतो. त्या भावानें चांगली गाडी विकणें परवडत नाहीं, म्हणून चांगले विकणारे निघून जातात, आणि बाजारांत वाईटच माल उरतो. म्हणजे एकाच्या लबाडीचा दंड त्याच्या प्रामाणिक शेजाऱ्यास भरावा लागतो.

ह्यावर उपाय जाहिरातीच्या भाषेंतच आहे. "सर्वोत्तम", "एक नंबर", "खात्रीचा माल" हे शब्द लिहिण्यास कांहीं पडत नाहीं. ते लबाडहि तितक्याच सहजतेनें लिहितो. म्हणून त्यांनीं ग्राहकास कांहींच कळत नाहीं. ज्या वाक्याची परीक्षा घेतां येते, जें लिहिणाऱ्यास बांधून टाकतें, त्याच वाक्यास वजन असतें. पुढील जाहिरात पाहा:

"रत्नागिरी तालुक्यांतील स्वतःच्या बागेंतील हापूस. पेटींत ४ डझन. प्रत्येक फळ २०० ते २५० ग्रॅम. कार्बाइड वापरलेलें नाहीं. फळ अर्धें पिकलेलें येईल. घरीं ३ ते ४ दिवसांत खाण्याजोगें होईल. सालीवर कोठें कोठें डाग आहेत. यंदा कांहीं फळांत साका निघत आहे. तसें झाल्यास कापलेल्या फळाचें छायाचित्र ८ दिवसांत पाठवावें, तितक्या फळांचे पैसे परत करूं. भावांत वाहतुकीचा खर्च धरला आहे. छायाचित्र ह्याच वर्षीच्या आमच्या फळाचें आहे."

हींत स्तुतीचें एकहि विशेषण नाहीं, तरी ती वाचून मन ठरतें. दोषाचा उल्लेख व भरपाईचें वचन हीं दोन वाक्यें लबाडास परवडणारीं नाहींत; म्हणूनच तीं खऱ्याची खूण ठरतात.

तथापि येथेंच थांबणें बरें नव्हे. प्रामाणिकपणा फायद्याचा आहे म्हणून तो पाळावा, एवढेंच आपण शिकविलें, तर ज्या दिवशीं तो फायद्याचा नसेल त्या दिवशीं काय उरेल? जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्यानें १७८५ मध्यें हाच प्रश्न विचारला. अजाण मुलासहि जो दुकानदार जास्त दर लावीत नाहीं, तो गिऱ्हाईक टिकावें म्हणून तसें करीत असेल. मग ती हुशारी झाली, कर्तव्य नव्हे. बागाईतदारावर कर्ज आहे, हंगाम सरत आला आहे, वळवाचा पाऊस डोक्यावर आहे, आणि ग्राहक इतका दूरचा कीं पुन्हां कधीं भेटणार नाहीं. अशा वेळीं साक्याचें वाक्य खोडलें तर चार पेट्या अधिक जातील, हें खरें आहे. त्याच्या तोट्यास हलकें लेखणें हें सुखवस्तूंचें पुण्य होय. परंतु ज्यानें पैसे पाठविले, त्यानेंहि ते कष्टानेंच मिळविले आहेत, आणि त्यानें विश्वास ठेविला तो केवळ आपल्या अक्षरांवर. पेटी उघडल्यावर त्यास जें कळावयाचेंच आहे, तें पैसे देण्यापूर्वीं कळावें, एवढाच त्याचा हक्क आहे. हा हक्क तो पुन्हां येणार कीं नाहीं ह्यावर अवलंबून नाहीं.

म्हणून, वाचकहो, जाहिरात पाठविण्यापूर्वीं ती एकदां विकणाऱ्याच्या नजरेनें वाचा, आणि दुसऱ्यांदा, पैसे देऊन पेटीची वाट पाहत बसलेल्या माणसाच्या नजरेनें वाचा. दुसऱ्या वाचनांत जें वाक्य हवेंसें वाटेल, तें लिहा, मग पाठवा.